घरच्यांशी येशूबद्दल बोलताना ख्रिस्ती माणूस का थबकतो?

धर्मांतराविरोधी कायद्याचा विषय महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तापला. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करता येईल हे पाहण्यासाठी राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड फिरले, आणि त्यातून ख्रिस्ती माणसाचं एकच चित्र लोकांच्या मनात ठसत गेलं. ते असं, की हा दिसेल त्याला आपल्या धर्मात ओढायला निघालेला असतो.

रविवारी भायखळ्याच्या, दादरच्या किंवा चेंबूरच्या एखाद्या चर्चबाहेर उपासनेनंतर थोडा वेळ उभं राहिलात तर उलटंच ऐकू येईल. ‘यांच्यापाशी विषय काढायचा धीरच होत नाही.’ ‘आईला सांगायला गेलं की ती रडायला लागते.’ ‘भाऊ चिडतो, म्हणून मी बोलतच नाही.’ ऑफिसातल्या सहकाऱ्याने विचारलं तर येशूबद्दल मोकळेपणाने बोलणारी माणसं घराचा उंबरठा ओलांडला की गप्प होतात. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्यांनाच आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगता येत नाही.

असं का होतं, ते उलगडून पाहू. ख्रिस्ती वाचकाला यात स्वतःचं घर दिसेल. इतरांना कदाचित आपली सून, जावई, बहीण किंवा शेजारी दिसतील.

## ‘सांगणं’ म्हणजे नेमकं काय

तीन शब्द आधी समजून घेऊ. ‘सुवार्ता’ म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचा गाभा: देव येशूच्या रूपाने माणसांच्या जवळ आला, आपल्या पापांसाठी तो क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याच्यामुळे क्षमा आणि नवं जीवन मिळतं. ‘साक्ष’ म्हणजे या गोष्टीने माझ्या आयुष्यात काय केलं ते माझ्या तोंडून सांगणं. आणि ‘बाप्तिस्मा’ म्हणजे हा विश्वास चारचौघांत कबूल करून मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सामील होण्याचा विधी.

शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१९-२०) उठलेला येशू आपल्या अनुयायांना सांगतो, की जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, ही आज्ञा कुठल्याही मंडळीला टाळता येत नाही. ‘तुम्ही तुमचा विश्वास तुमच्यापुरता का ठेवत नाही?’ असं आम्हाला नेहमी विचारतात. तो आपल्यापुरता ठेवायला दिलेलाच नाही, हे त्याचं सरळ उत्तर.

पण इथे दोन कामं वेगळी करायला हवीत, कारण घरातली बहुतेक कोंडी ती एकत्र केल्यामुळे होते. पहिलं काम सांगण्याचं. ते माणसाचं आहे. दुसरं काम ऐकणाऱ्याचं मन वळवण्याचं. ते ख्रिस्ती शिकवणीनुसार पवित्र आत्म्याचं आहे. आज्ञेत ‘शिष्य करा’ असे शब्द आहेत हे खरं, पण शिष्य स्वतःच्या पायांनी मागे येतो, त्याला कुणी ओढून आणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यात विश्वासाचा प्रसार करताना जबरदस्ती किंवा अप्रामाणिक मनधरणी चालणार नाही असं बजावलं आहे. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष कशी द्यावी याचे नियम काढले. एरवी ही तिघं फारशी एका पंगतीत बसत नाहीत. त्या नियमांतही हेच आहे, की मन पालटणं हे अखेर पवित्र आत्म्याचं काम. शिवाय गरिबीचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही, आणि ज्याला धर्म बदलायचा आहे त्याला विचार करायला पुरेसा वेळ द्यायचा.

घरात मात्र ही दोन्ही कामं माणूस स्वतःच्याच डोक्यावर घेतो. नवरा ऐकला नाही तर माझंच सांगणं कमी पडलं, आई विश्वासात न येताच गेली तर मीच दोषी, असं ओझं घेऊन जगणाऱ्या बायका मी मंडळीत पाहिल्या आहेत. एवढं ओझं असेल तर तोंड उघडणारच नाही. चुकीचं बोललो तर कायमचं बिघडेल, त्यापेक्षा न बोललेलं बरं, असंच वाटणार.

## तीन घरं, तीन तऱ्हेचं मौन

मुंबईतले ख्रिस्ती एकसारखे नाहीत, आणि त्यांचं गप्प राहणंही एकसारखं नाही.

वांद्रे, गोराई, उत्तनचे ईस्ट इंडियन (इथले मूळचे कॅथलिक) किंवा शेजारच्या वसईतले कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत. त्यांच्या घरात मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे, रोजरी (जपमाळेची प्रार्थना) आहे, लग्नाच्या आदल्या दिवसाचे विधी आहेत, सण आहेत. या घरात विश्वासाबद्दल बोलण्याची वेळच येत नाही, कारण तो सगळ्यांनी धरूनच चाललेला असतो. येशू तुझा कोण, हे बापाने मुलाला कधी विचारलेलं नसतं. ते फादरांनी, कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गाने बघावं, अशी समजूत. मग मुलगा पंचविशीत मिस्सेला जायचा थांबला की बापाकडे त्याच्याशी बोलायला भाषाच नसते. ‘चर्चला चल’ एवढंच एक वाक्य असतं, आणि ते तो आधीच हजारदा बोलून चुकलेला असतो.

दुसरं घर जुन्या मराठी प्रोटेस्टंट कुटुंबाचं. पणजोबांनी नगर, जालना किंवा सोलापूरकडे मिशनच्या काळात विश्वास धरला, पुढची पिढी नोकरीसाठी मुंबईत आली. इथे बायबल वाचलेलं असतं, गीतं पाठ असतात. पण ‘बाटलेले’, ‘गव्हासाठी आणि दूधपावडरसाठी गेलेले’ हे टोमणे शाळेपासून ऐकलेले असतात. म्हणून शेजाऱ्यांत, मित्रांत आपण होऊन विषय काढायचा नाही, हे लहानपणीच अंगात मुरतं.

तिसरं घर सगळ्यात अवघड. तिथे एकच माणूस विश्वासात आलेला असतो. बाकी सगळं घर हिंदू किंवा बौद्ध. कुणी आजारपणात कुणाच्या तरी प्रार्थनेमुळे आलेलं असतं, कुणी दारूतून सुटलेलं असतं, कुणी नुसतं बायबल वाचता वाचता आलेलं असतं. याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात ताजं असतं आणि सांगायची चोरीही सगळ्यात जास्त असते. पुढचा बराचसा लेख या तिसऱ्या घराबद्दल आहे.

## परक्याला सोपं, आपल्याला अवघड: असं का?

लोकलमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, ‘तुझ्यासाठी एक छान स्थळ आहे’, तर मुलगी हसून विषय उडवते. तेच वाक्य आई जेवताना बोलली तर घास अडकतो. वाक्य तेच, पण आईच्या तोंडून आलं की त्यात अपेक्षा येते, नाही म्हणण्याची किंमत येते, आणि नाही म्हटल्यावरही रोज त्याच टेबलावर बसायचं असतं. विश्वासाचंही तसंच. परक्याला सांगितलेली सुवार्ता ही माहिती असते. भावाला सांगितली की त्यात ‘तू बदलावंस’ हे न बोलताही ऐकू जातं.

दुसरं कारण असं की घरच्यांना आपण ठाऊक असतो. मंडळीत साक्ष देताना माणूस सांगतो की प्रभूने मला शांती दिली. हे बायकोसमोर सांगायचं तर तिला कालची आदळआपट आठवते. आपल्या रागाचे, कंजूषपणाचे, खोटं बोलण्याचे सगळे साक्षीदार एकाच छताखाली असतात. त्यांच्यापुढे ‘येशूने मला बदललं’ म्हणायला धैर्य लागतं, आणि थोडं तरी बदललेलं असावं लागतं.

यात विश्वासणाऱ्याने स्वतःला फार बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं, कारण खुद्द येशूचं घर याहून वेगळं नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानात (३:२१) त्याची माणसं त्याला धरून न्यायला निघतात. याचं भान सुटलंय असं त्यांना वाटतं. नासरेथात लोक म्हणतात, हा तर मरियेचा मुलगा, सुतार, याचे भाऊ-बहिणी इथेच आहेत की. त्यावर येशू म्हणतो, की संदेष्ट्याला बाकी सगळीकडे मान मिळतो, आपल्या गावात आणि आपल्या घरात तेवढा मिळत नाही (मार्क ६:४). योहान तर स्पष्ट लिहितो, की त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता (७:५). भाऊ याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला, पण तो पुनरुत्थानानंतर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्यावर. येशू घरात वावरत असतानाची सगळी वर्षं त्याला पुरली नव्हती.

## सांगण्याच्या आधीच ‘नाही’ ऐकू गेलेलं असतं

आता या विषयातल्या सगळ्यात नाजूक जागेकडे येऊ. मुंबईत एखादी व्यक्ती येशूला मानू लागली आहे हे घरच्यांना कळतं कधी? ती काही सांगते तेव्हा क्वचितच. बहुधा ती काहीतरी नाकारते तेव्हा कळतं.

गणपतीत ती आरतीला मागे उभी राहते. प्रसादाचा मोदक हातात घेते आणि हळूच बाजूला ठेवते. सत्यनारायणाला यायचं टाळते. हळदीकुंकवाला कपाळ पुढे करत नाही. तिच्या मनात ही एका देवाशी निष्ठा असते. पण नणंद विचारते, ‘आमच्या हातचं चालत नाही का आता?’ आणि त्या प्रश्नाला आपल्याकडे फार जुना, फार दुखरा अर्थ आहे. या समाजात शतकानुशतकं ताटातलं नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं होतं. कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, यावरून माणसाची किंमत ठरत होती. त्यामुळे प्रसादाला दिलेला नकार घरच्यांना धर्माचा वाटतच नाही. ‘आम्ही तुला हलके झालो’ असा तो त्यांच्या कानावर पडतो. येशूबद्दलचा पहिला शब्द बोलण्याआधीच पहिला निरोप गेलेला असतो, आणि तो तुटण्याचा असतो.

हा पेच नवा नाही. येशूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी पौल या प्रेषिताने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना हेच छळत होतं. बाजारातलं मांस बऱ्याचदा देवळात वाहिलेलं असे, आणि मित्रांकडून, नातेवाइकांकडून जेवणाची आमंत्रणं येत. पौलाचं उत्तर (१ करिंथ, अध्याय ८ आणि १०) एकेरी नाही. मूर्तीच्या वेदीत सहभागी होऊ नका, असं तो ठामपणे सांगतो. पण कुणी जेवायला बोलावलं आणि जायची इच्छा असेल तर जा, पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका. हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तरच, त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून, थांबा. मुंबईतल्या मंडळ्या याचा अर्थ सारखा लावत नाहीत. काही पाळक (मंडळीचे धर्मगुरू) प्रसादाला अजिबात हात लावू नका म्हणतात. काही ठिकाणी ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेलं असतं. माझ्या मते पौलाला पंगत मोडायची नव्हती, हे विसरून चालणार नाही. तो निष्ठा सांभाळायला सांगतो, आणि त्याच अध्यायात जेवायला जायलाही मोकळीक देतो.

म्हणून जाणती माणसं एक साधी गोष्ट करतात. आरतीच्या ताम्हनासमोर नकार द्यायची वेळ येऊ देत नाहीत. चार दिवस आधी सासूबाईंना किंवा वहिनींना एकटं गाठून सांगतात, की मी आरतीला उभी राहणार नाही, त्यामागे तुमच्याबद्दल काहीही वाकडं नाही, बाकी सगळ्या कामाला मी आहे. आणि मग खरंच असतात. भाज्या निवडायला, पाहुण्यांचं बघायला, रात्रीची भांडी आवरायला. नातं हवंय हे आधी पोचलं की नकार कडवट होत नाही.

## ‘आम्हीही माहीमला जातोच की’

मुंबईची एक गंमतीदार अडचणही आहे, आणि ती आपुलकीतून येते. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जी गर्दी होते, तिच्यात हिंदू भाविक भरपूर असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेत मतमाऊलीला, म्हणजे मरियेला, मेणबत्त्या वाहणारे सगळ्या धर्मांचे असतात. नवस बोलला जातो, फेडला जातो. मुंबईला येशू आणि मरिया परके नाहीत.

म्हणून घरचे प्रेमाने म्हणतात, ‘अगं, आम्हीही मानतो येशूला. देव्हाऱ्यात फोटो लावू हवं तर.’ याला काय उत्तर द्यायचं? ते चुकीचं बोलत नाहीत, उलट मोठ्या मनाने जागा करून देतायत. पण सुवार्ता म्हणते की येशू हा इतर देवांच्या शेजारी बसवण्याचा देव नाही. तो पूर्ण माणूस मागतो. मेणबत्ती चालते, बाप्तिस्मा चालत नाही, ही रेषा मुंबईत बरोबर इथे पडते. एवढं प्रेमाने पुढे केलेलं आमंत्रण अपुरं आहे असं सांगायला जीभ रेटत नाही, आणि माणूस गप्प बसतो.

## घर तुटल्याच्या आठवणी

या मौनामागे मुंबईचा स्वतःचा इतिहासही आहे. १८३९ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि शहर ढवळून निघालं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत लहान होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण मुलगा घरी आला तरी जातवाले त्याला परत घेईनात, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एकाच घरातले दोन भाऊ, दोन दिशा. ‘मुलगा ख्रिस्ती झाला’ म्हणजे ‘मुलगा गेला’, हे समीकरण मराठी मनात त्या काळापासून बसलेलं आहे.

याच इतिहासात एक वेगळं घरही आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ताटातूट झाली. पुढे दोघं पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाई आपलं सोवळं सांभाळून होत्या, आणि टिळकांनी त्यांना तसं राहू दिलं. जातिभेद माणसांनीच केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना पटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलेल्या मराठी वाचकाला हे माहीत असतं, पण आपण ते बहुधा एका संसाराची कहाणी म्हणून वाचतो. आपल्या माणसाला विश्वासाबद्दल कसं सांगावं, याबद्दलही त्यात खूप काही आहे. टिळक कवी होते, वक्ते होते, शब्दांची त्यांना कमतरता नव्हती. तरी घरात वाद जिंकून ते घडलं नाही. ते पाच वर्षांनी घडलं.

## कायद्याची भीती किती खरी?

राज्यघटनेचं २५वं कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही, यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत वाद झाला. तेव्हा मुंबईचे वकील कन्हैयालाल मुन्शी म्हणाले, की हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली दुसऱ्याला आपला विश्वास पटवून देता आलाच असता.

पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात निकाल दिला: आपल्या धर्माची तत्त्वं मांडून त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. या निकालावर टीका झाली आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण पटवून देणं आणि पटल्यावर त्याने बदलणं यांच्यात रेघ ओढणं सोपं नाही. पण साध्या विश्वासणाऱ्यासाठी त्यात एक दिलासा आहे. आपल्या भावाला येशूबद्दल सांगणं हा गुन्हा नाही.

तरीही भीती आहे, आणि ती पोकळ नाही. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशने १९६८ मध्ये धर्मांतराविरोधी कायदे केले, नंतर अनेक राज्यांनी केले. जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांवर बंदी हा त्यांचा सांगितलेला हेतू. पण ‘आमिष’ किती ताणायचं हा प्रश्न उरतो. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात तक्रार करण्याचा हक्क आईवडील, भाऊ-बहीण, रक्ताचे किंवा लग्नाने झालेले नातेवाईक यांना होता. २०२४च्या दुरुस्तीने तो कुणालाही दिला. म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं तेच तक्रारदार होऊ शकतात. मुंबईत बसून या बातम्या वाचणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्याने घरात तोंड मिटून घेतलं, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

दलित कुटुंबांत आणखी एक धागा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झाल्यास तो दर्जा, आणि त्याबरोबरचं आरक्षण, राहत नाही. त्यामुळे ‘ताई, तू पण ये’ असं म्हणण्याआधी, तिच्या मुलाच्या कॉलेज प्रवेशाचं काय, हा विचार मनात येतोच. हा विचार करणाऱ्याचा विश्वास कच्चा आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या जागी उभं राहून पाहावं.

## भीती नसती तरी बोलले असते का?

कदाचित नाही. अमेरिकेत असे कायदे नाहीत, ख्रिस्ती तिथे बहुसंख्य आहेत. तरी बार्ना या संशोधन संस्थेच्या २०१९च्या अहवालात, १९८० आणि ९०च्या दशकांत जन्मलेल्या आचरणशील ख्रिस्ती तरुणांपैकी ४७ टक्के म्हणाले, की दुसऱ्या धर्माच्या माणसाने आपला विश्वास स्वीकारावा या आशेने त्याला सांगणं निदान काही प्रमाणात चूक आहे. येशूची साक्ष देणं हा आपल्या विश्वासाचाच भाग आहे, असंही याच तरुणांपैकी जवळजवळ सगळे म्हणाले. म्हणजे मुंबईतली कारणं मुंबईची असली तरी आणखी एक कारण सगळीकडे आहे: दुसऱ्याच्या मनात शिरू नये, ही आजच्या माणसाची सभ्यता. ती चांगली आहे. मला ती सोडायची नाही. फक्त तिच्या नावाखाली घरात कुणीच कुणाला मनातलं काही सांगू नये, असं होता कामा नये.

## ‘म्हणजे शेवटी तुम्हाला धर्मांतरच हवंय ना?’

हा आक्षेप टाळण्यात अर्थ नाही. होय, आपल्या माणसाने येशूवर विश्वास ठेवावा असं ख्रिस्ती माणसाला वाटतं. जे आपल्याला जगवतं ते त्यालाही मिळावं असं वाटणं हा प्रेमाचाच भाग आहे. आपलं मत इतरांना पटावं असं शाकाहारी माणसालाही वाटतं, कट्टर डाव्यालाही वाटतं, विपश्यना करून आलेल्यालाही वाटतं. वाटणं आणि दाब टाकणं यातला फरक महत्त्वाचा. आजारी सासऱ्यांना ‘विश्वास ठेवलात तरच बरे व्हाल’ म्हणणं हा दाब आहे. कर्जात बुडालेल्या दिराला पैसे देताना प्रार्थना सभेचं आमंत्रण देणं हाही दाब आहे, मग मनात काही नसलं तरी. मी तर म्हणेन, मदत आणि सुवार्ता एका दिवशी करूच नयेत.

आणि धर्मांतरं सगळीकडे चालली आहेत असं वाटत असेल, तर आकड्यांकडेही एकदा बघावं. २०११च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के होते, महाराष्ट्रात एक टक्क्यालाही किंचित कमी. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे ३० हजार प्रौढांशी बोलून पाहणी केली; हिंदू म्हणून वाढून आता ख्रिस्ती असलेले त्यात ०.४ टक्के निघाले.

## ‘खरं प्रेम असेल तर गप्प कसे बसता?’

हा आक्षेप उलट बाजूने, मंडळीतूनच येतो. व्यासपीठावरून विचारतात, ‘तुमचा भाऊ नाशाकडे चाललाय आणि तुम्ही गप्प?’ मला हा प्रश्न क्रूर वाटतो. तो विचारणारा संध्याकाळी त्या घरात जेवायला बसत नाही.

शिवाय बायबल स्वतः एकच रीत सांगत नाही. अंद्रियाला येशू भेटला तेव्हा त्याने सर्वांत आधी आपला भाऊ शिमोन याला गाठून सांगितलं (योहान १:४१). भुतांच्या तावडीतून सुटलेला माणूस येशूबरोबर यायला निघाला, तर येशूने त्याला म्हटलं, घरी जा, आपल्या माणसांना सांग, प्रभूने तुझ्यावर कशी दया केली ते (मार्क ५:१९). सांग म्हटलं ते स्वतःवर झालेल्या दयेबद्दल. त्यात धर्मांची तुलना कुठेच नाही. आणि ज्या स्त्रियांचे नवरे विश्वासात नव्हते त्यांना येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलं, की एकही शब्द न बोलता, नुसत्या वागण्याने ते जिंकले जातील (१ पेत्र ३:१). त्याच अध्यायात पुढे तो सगळ्यांना सांगतो, की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने (३:१५). म्हणजे बोलायचं आहेच. कधी बोलायचं ते बरंचसं समोरच्याच्या प्रश्नावर सोडलेलं आहे.

आणि घरात प्रश्न येतात. वडील गेल्यावर दहाव्याला सगळे जमलेले असताना पुतण्या हळूच विचारतो, ‘काकू, तुम्ही रडत होता, पण खचला नाहीत. कसं काय?’ तिथे दोन वाक्यं पुरतात. पुनरुत्थानाची आशा माझ्यासाठी काय आहे, एवढं आपल्या शब्दांत. त्रैक्याचा (एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा) सिद्धांत समजावून सांगायची गरज नाही. पुढे त्याने विचारलंच आणि आपल्याला आलं नाही, तर ‘मलाही नीट कळलेलं नाही, आपण पाळकांना विचारू’ असं सांगता येतं.

## ऐकून घेतलं आणि ‘नको’ म्हणाले, तर?

मार्कच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. चांगला, देवभीरू माणूस. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क मुद्दाम लिहितो. मग येशूने त्याला सांगायचं ते स्पष्ट सांगितलं. माणूस खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे धावला नाही, अटी सैल केल्या नाहीत, आणि त्याच्यावर रागावलाही नाही.

घरात असा नकार आला तर नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये, ही जबाबदारी सांगणाऱ्याची आहे. भाऊबीजेला जायचं, वहिनीच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात रात्रीची पाळी घ्यायची, भाचीच्या फीला हातभार लावायचा, ते सगळं आधी चाललं होतं तसंच चालू द्यायचं. तो विषय पुन्हा काढायचा तर त्यांनी विचारल्यावर. आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची, तिला कुणाची परवानगी लागत नाही.